आत्मविश्वास आणि मानसिक आरोग्य

आत्मविश्वास म्हणजे हाती घेतलेले काम आपल्याला जमेल, समोर आलेल्या प्रसंगाला आपण तोंड देऊ शकू, अशी माणसाला स्वतःविषयी वाटणारी खात्री. मानसिक आरोग्याशी या खात्रीचे नाते दुहेरी आहे. ती डळमळली की नैराश्य आणि चिंता यांची शक्यता वाढते. उलट नैराश्य आले की जे सर्वांत आधी ढासळते त्यांत तिचाच समावेश असतो. त्यामुळे खचलेल्या माणसाच्या बाबतीत आत्मविश्वासाचा अभाव हे दुखण्याचे कारण आहे की लक्षण, हे ठरवणे सोपे नसते. या दोहोंखेरीज तिसरीही शक्यता असते. परिस्थितीच इतकी विपरीत असते, की ‘आपल्याला हे झेपणार नाही’ हा माणसाचा अंदाज वस्तुस्थितीला धरूनच असतो. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या प्रदेशात ही तिसरी शक्यता वारंवार आढळते. म्हणून प्रस्तुत लेखात मानसशास्त्रीय विवेचनाबरोबर मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा आणि त्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव यांच्या अनुषंगाने या विषयाचा विचार केला आहे.

संज्ञा आणि मराठी शब्दसंपदा

आत्मविश्वास हा तत्सम शब्द आधुनिक मराठी गद्यात रूढ झाला. बोलीभाषेत त्याचे काम धीर, हिंमत, धारिष्ट, उमेद, उभारी असे अनेक शब्द करीत आले आहेत. त्यांपैकी हिंमत हा अरबी-फारसीच्या वाटेने आणि उमेद हा फारसीतून मराठीत आला. या शब्दांच्या छटा एकसारख्या नाहीत. धीर दुसऱ्याला देता येतो. उमेद स्वतःच धरावी लागते. उभारी पडझडीनंतरच येते. विरुद्ध बाजूची शब्दसंपदा तर याहूनही नेमकी आहे. ‘कच खाणे’ म्हणजे ऐन वेळी माघार घेणे, ‘हातपाय गाळणे’ म्हणजे प्रयत्नच सोडून देणे, ‘धसका घेणे’ म्हणजे एखाद्या घटनेची भीती मनात कायमची घर करून राहणे, आणि ‘हाय खाणे’ म्हणजे आघातानंतर माणसाने आतून खंगत जाणे.

ग्रामीण भागातील रुग्ण ‘माझा आत्मविश्वास कमी झाला आहे’ असे क्वचितच सांगतो. तो ‘धसका बसला’ किंवा ‘कशात जीव लागत नाही’ असे म्हणतो. पुष्कळदा तो मनाचे नावही न काढता झोप न लागणे, डोके जड होणे, छातीत धडधडणे, हातापायांना मुंग्या येणे अशा शारीरिक तक्रारी घेऊन दवाखान्यात येतो. ही भाषा ज्याला कळत नाही, त्याच्या हातून निदान निसटण्याचा संभव अधिक.

शास्त्रीय लेखनात तीन संज्ञा वेगळ्या ठेवल्या जातात. आत्मविश्वास ही एकंदर खात्री. स्वक्षमता ही विशिष्ट कामापुरती खात्री. आणि आत्मसन्मान म्हणजे माणूस या नात्याने आपली काही किंमत आहे ही भावना. शेत नांगरण्यात, बाजारात भाव करण्यात तरबेज असलेला माणूस बँकेच्या अधिकाऱ्यासमोर मान खाली घालून उभा राहतो. त्याची एका कामातील स्वक्षमता दुसऱ्या ठिकाणी कामी येत नाही. ‘न्यूनगंड’ हा मराठीत अतिशय रुळलेला शब्द ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर (१८७०–१९३७) यांच्या विचारातून आला. दैनंदिन बोलण्यात तो साध्या बुजरेपणालाही लावला जातो, ते शास्त्राला धरून नाही.

मानसशास्त्रातील विचार

अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात आत्मसन्मानाचे एक छोटे समीकरण मांडले. माणसाला मिळालेल्या यशाला त्याने बाळगलेल्या अपेक्षांनी भागले असता जो भागाकार येतो, तो त्याचा आत्मसन्मान. या हिशेबाने यश वाढवून आत्मसन्मान वाढतो, तसा अपेक्षा कमी करूनही वाढतो. समीकरण सोपे आहे, परंतु अपेक्षा नेहमी स्वतःच्या हाती नसतात. त्या घर, भावकी आणि गावही ठरवीत असतात, ही बाब त्यात दिसत नाही.

मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये आत्मसन्मान मोजण्यासाठी १० विधानांची प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर सर्वाधिक वापरली जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक आहे. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून केलेल्या प्रयोगांतून ‘शिकलेली असहायता’ ही संकल्पना पुढे आली. आपण काहीही केले तरी फरक पडत नाही हा अनुभव पुन्हा पुन्हा आला, की सुटकेची वाट उघडी असतानाही प्राणी ती शोधत नाही, असे या प्रयोगांत दिसले. पुढे हा विचार मानवी नैराश्यालाही लावण्यात आला.

या विषयात सर्वांत उपयुक्त ठरलेली मांडणी आल्बर्ट बँडुरा यांची मानावी लागेल. १९७७ मध्ये त्यांनी स्वक्षमतेचा सिद्धान्त मांडला आणि ही खात्री कोठून येते याचे चार स्रोत सांगितले. पहिला आणि सर्वांत बळकट स्रोत म्हणजे काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणे. तिसरा, इतरांनी दिलेला धीर. चौथा, स्वतःच्या शरीराची अवस्था. हृदय धडधडत असेल, हात थरथरत असतील तर माणूस त्यावरूनच आपल्या कुवतीचा अंदाज बांधतो. समाजात ‘हिंमत धर’ असे सांगण्यावर भर असतो, म्हणजेच तिसऱ्या स्रोतावर. आणि बँडुरा यांच्या मते पहिल्याच्या तुलनेत तो दुबळा आहे.

आत्मसन्मानाच्या कल्पनेलाच आक्षेप घेणारे विचारवंत म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे प्रवर्तक आल्बर्ट एलिस. त्यांचे म्हणणे असे, की माणसाने आपल्या कृतीचे मूल्यमापन करावे, परंतु संपूर्ण स्वतःला गुण देऊ नयेत. पीक बुडाले, परीक्षेत अपयश आले, एवढ्यावरून ‘मी नालायक’ हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. त्याचप्रमाणे यश मिळाले म्हणून ‘मी थोर’ हाही नाही. आत्मसन्मानाऐवजी त्यांनी विनाअट आत्मस्वीकाराचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात ही उपचारपद्धती रुजवण्याचे आणि तिची मराठीत मांडणी करण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातूनही हा विचार सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. मनाला उद्देशून बोलण्याची रीत मराठी माणसाला परकी नाही. समर्थ रामदासांच्या २०५ मनाच्या श्लोकांचे पाठांतर कैक पिढ्यांनी केले आहे. त्यामुळे आपल्याच विचारांशी वाद घालण्याची ही पद्धत मराठीत सहज उतरली असावी. मात्र श्लोकांचे उद्दिष्ट आध्यात्मिक आहे आणि उपचाराचे लौकिक, हा फरक विसरून चालत नाही.

कारण की लक्षण

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नैराश्याच्या लक्षणांमध्ये आत्मसन्मान व आत्मविश्वास कमी होणे याची स्पष्ट नोंद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही वापरता येण्याजोग्या, नऊ प्रश्नांच्या एका प्रचलित चाचणीतील सहावा प्रश्न याच स्वरूपाचा आहे: आपण अपयशी आहोत, आपण स्वतःची किंवा घरच्यांची निराशा केली, असे गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा वाटले? घरच्यांचा हा उल्लेख एकत्र कुटुंबात राहणाऱ्या माणसाला अचूक लागू पडतो. त्याला स्वतःच्या अपयशापेक्षा वडिलांसमोर आणि मुलांसमोर कमी पडल्याचा सल अधिक असतो.

कारण आणि लक्षण यांचा गुंता सोडवण्यासाठी त्याच व्यक्तींची पुन्हा पुन्हा पाहणी करणारे दीर्घकालीन अभ्यास उपयोगी पडतात. युलिया सोविस्लो आणि उलरिख ऑर्थ यांनी २०१३ मध्ये नैराश्यावरील ७७ आणि चिंतेवरील १८ अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. कमी आत्मसन्मानामुळे पुढे नैराश्य येण्याचा परिणाम हा नैराश्यामुळे आत्मसन्मान घटण्याच्या परिणामाच्या सुमारे दुप्पट आढळला. चिंतेच्या बाबतीत दोन्ही दिशांचे परिणाम जवळजवळ सारखे होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे परिणाम शास्त्रीयदृष्ट्या खरे असले तरी आकाराने लहान आहेत. आत्मसन्मान कमी असलेल्या प्रत्येकाला नैराश्य येते असा त्यांचा अर्थ नाही.

चिंतेचे चक्र वेगळ्या रीतीने फिरते. चारचौघांत बोलण्याची धास्ती असलेला माणूस सभा टाळतो. टाळल्यामुळे त्या दिवसापुरते हायसे वाटते. पण बोलून दाखवल्याचा अनुभव गाठीस न लागल्यामुळे पुढच्या सभेची धास्ती वाढते. नैराश्यात टाळणे याहून व्यापक होते. माणूस शेतावर जाणे, पारावर बसणे, लग्नकार्याला जाणे हळूहळू सोडतो. बाहेरून तो आळशी किंवा तुसडा भासतो आणि घरचे त्याला तसे बोलूनही दाखवतात.

आत्मविश्वास अधिक म्हणजे आरोग्य अधिक, हे समीकरणही टिकत नाही. उन्माद या आजारात आत्मविश्वास अवाजवी फुगतो. रुग्णाला झोपेची गरज वाटत नाही, तो ऐपतीबाहेर खर्च करतो, मोठमोठ्या योजना बोलून दाखवतो. उन्माद व नैराश्य यांचे झटके आलटून पालटून येणाऱ्या आजारात एकाच माणसाचा आत्मविश्वास एका हंगामात आभाळाला टेकतो आणि दुसऱ्या हंगामात मातीला मिळतो. कालपर्यंत बुजरा असलेला मुलगा अचानक बोलका आणि धाडसी झाला, याचा घरच्यांना आनंदच होतो. झोप उडालेली आहे का, हे विचारायचे राहून जाते.

उपदेशाची मर्यादा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक सरकारी कार्यगट नेमला. गुन्हेगारी, व्यसने, शाळेतील गळती या सर्वांच्या मुळाशी कमी आत्मसन्मान आहे, अशी त्यामागची धारणा होती. कार्यगटाचा अहवाल १९९० मध्ये आला आणि जगभरच्या शाळांत मुलांची स्तुती करण्याची लाट उसळली. पुढे २००३ मध्ये रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा ही धारणा फारशी टिकली नाही. आत्मसन्मानाचा आनंदी वृत्तीशी संबंध दिसला. परंतु तो वाढवल्याने अभ्यास सुधारतो किंवा व्यसने टळतात याला भक्कम आधार मिळाला नाही. चांगले गुण मिळाल्याने आत्मसन्मान वाढतो, हे उलट दिशेचे नाते अधिक संभवनीय वाटले.

जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग याहून बोलका आहे. त्यांनी सहभागी व्यक्तींना स्वतःविषयी एक गौरवाचे वाक्य मनाशी घोकायला लावले. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता त्यांना घोकल्यानंतर अधिक वाईट वाटले. ज्या वाक्यावर मनाचा विश्वास नाही ते उच्चारताच मन त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून आणि गावोगावच्या प्रेरणादायी व्याख्यानांतून दिला जाणारा सल्ला नेमका हाच असतो. ज्यांना त्याची गरज नाही अशा श्रोत्यांना तो मानवतो. खचलेला श्रोता मात्र ‘इतरांना जमते, मलाच जमत नाही’ ही आणखी एक खंत घेऊन घरी परततो.

गोरेगाव आणि हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही प्रमुख पिके, आणि सिंचनाचा अनुशेष हा जुना प्रश्न. गोरेगाव हे सेनगाव तालुक्यातील मोठे गाव असून तेथे पोलीस ठाणे आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हे गाव राज्यभर चर्चेत आले. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती आणि सोयाबीनवर पिवळ्या मोझॅक रोगाचा प्रादुर्भाव झाला होता. गावातील काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना उद्देशून निवेदन दिले, की बँकेचे पीककर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्यावेत. निवेदनात निरनिराळ्या अवयवांचे दरही लिहिलेले होते. पुढे हे शेतकरी आपली मागणी घेऊन मुंबईत गेले. तत्पूर्वी २०१९ मध्ये याच तालुक्यातील ताकतोडा येथील ग्रामस्थांनी आपले गाव विक्रीला काढल्याचे जाहीर केले होते.

या घटनांकडे केवळ प्रसिद्धीचा खटाटोप म्हणून पाहणे जसे अपुरे आहे, तसेच त्यांना मनोरुग्णतेचे लक्षण मानणे चुकीचे आहे. हा निषेध होता, आणि निषेधासाठी माणसाजवळ काही उमेद शिल्लक असावी लागते. चारचौघांनी मिळून, उघडपणे, सरकारला जाब विचारणे ही शिकलेल्या असहायतेच्या अगदी उलट कृती आहे. तरीही निषेधासाठी निवडलेली भाषा विचार करायला लावणारी आहे. माणसाने स्वतःची किंमत रुपयांत लिहून द्यावी, आणि ती कर्जाच्या रकमेशी ताडून पाहावी, यात आत्मसन्मान कशाला जोडलेला आहे याचे उत्तर मिळते.

मराठीत या गोष्टीला एक शब्द आहे: पत. पत म्हणजे बाजारातील उधारीची क्षमता आणि पत म्हणजे समाजातील मान. पतपुरवठा, पतसंस्था, बेपत, ‘पत गेली’ या सर्व प्रयोगांत हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. पीककर्ज थकले की शेतकरी ‘थकबाकीदार’ होतो. त्याला बँकेचे नवे कर्ज मिळत नाही. दुसरीकडे कर्ज मागावे तर बेबाकी प्रमाणपत्र लागते. मग पेरणीसाठी खासगी सावकार किंवा बी-बियाण्यांच्या दुकानातील उधारी उरते. सातबाऱ्यावर ‘बोजा’ चढतो. ‘सातबारा कोरा करा’ ही शेतकरी आंदोलनांची घोषणा आर्थिक आहे. पण कोरा या शब्दात डाग पुसला जाण्याचीही अपेक्षा आहे. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना या नोंदींची कुजबुज कशी होते, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगावे लागत नाही.

श्रीजित मिश्रा यांनी महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांविषयी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात कर्जाबरोबरच आर्थिक स्थितीतील घसरण आणि सामाजिक प्रतिष्ठा जाणे यांचीही कारणांत नोंद घेतली आहे. आत्महत्येनंतर कुटुंबाला मदत देताना शासन प्रकरणांची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी करते. शब्द प्रशासनाचे आहेत आणि अर्ज निकाली काढण्यासाठी ते सोयीचेही असतील. मात्र मागे राहिलेल्या घराला ‘अपात्र’ हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार ज्यांनी तो योजला त्यांनी केलेला दिसत नाही.

दारिद्र्य माणसाच्या विचारशक्तीवरच ताण आणते, याचा एक चांगला पुरावा भारतीय शेतीतून मिळाला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर घेतली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे तीच, चाचणी तीच. परंतु हाती पैसा नसलेल्या तोडणीपूर्वीच्या काळात त्यांची कामगिरी खालावलेली होती. ‘पैशाच्या चिंतेत डोकं चालेना’ या बोलण्याला त्यामुळे शास्त्रीय दुजोरा मिळतो. कर्जाच्या दडपणाखाली घेतलेला एखादा निर्णय चुकला, म्हणजे माणूस स्वतःला मूर्ख ठरवतो. त्या वेळी त्याची विचारशक्ती आधीच चिंतेत गुंतलेली होती हे त्याला कोणी सांगत नाही.

शाळा आणि परीक्षा

ग्रामीण मुलांच्या आत्मविश्वासावर सर्वाधिक परिणाम करणारी घटना म्हणजे दहावीची परीक्षा. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलै महिन्यात घेण्यास सुरुवात झाली, त्यामुळे अनुत्तीर्ण मुलाचे वर्ष वाया जाणे टळू लागले. त्याच सुमारास गुणपत्रिकेवरील ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा बदलून ‘फेरपरीक्षेस पात्र’, ‘कौशल्य विकासास पात्र’ असे शेरे आले. शेऱ्यातील बदल चांगल्या हेतूचा असला तरी त्याची थट्टाही पुष्कळ झाली, कारण गावात निकाल शेऱ्यावरून कळत नाही. फेरपरीक्षेचा उपयोग निःसंशय अधिक. महिन्याभरात तोच पेपर सोडवून दाखवणे हा बँडुरा यांनी सांगितलेला पहिल्या प्रतीचा अनुभव आहे.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर नाउमेद होतात. ‘तू मेहनत घेतलीस’ अशी स्तुती झालेली मुले टिकून राहतात. पहिलीपासून वर्गात पहिला येणारा मुलगा वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरला किंवा नांदेडला जातो आणि तेथे आपल्यासारखेच शेकडो पहिले आलेले पाहून गांगरतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, तुलनेचा गट बदललेला असतो. अशा मुलाच्या सुट्टीतील अबोलपणाचे कारण अभ्यासाचा ताण एवढेच समजले जाते. गुणांच्या यादीत खाली गेल्यावर आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणी तयार करून दिलेले नसते.

मोजमापातील अडचण

आत्मसन्मानाच्या प्रश्नावल्या इंग्रजीतून भाषांतरित होतात, तेव्हा एक सांस्कृतिक पेच उभा राहतो. स्वतःविषयी चांगले बोलणे हे मराठी घरांत असभ्य समजले जाते. ‘आमचं काय, चाललंय आपलं’ हे उत्तर सुस्थितीतला बागायतदारही देतो. अशा माणसाने ‘माझ्यात अनेक चांगले गुण आहेत’ या विधानाला गुळमुळीत होकार दिला, तर तो न्यूनगंडाचा पुरावा ठरत नाही. भक्तिपरंपरेने हा पेच अधिक गुंतागुंतीचा केला आहे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. संतकवी स्वतःला पतित, हीन म्हणवून घेतात आणि त्याच वेळी विठ्ठलाशी हक्काने भांडतातही. स्वतःला लहान लेखणे आणि आतून निर्भय असणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे वारकरी कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला नवे नाही. गुण मोजणाऱ्या प्रश्नावलीला मात्र ते कळत नाही.

उपचार आणि उभारी

गोव्यातील संगाथ या संस्थेने विकसित केलेला एक उपचार या संदर्भात महत्त्वाचा आहे. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. या भेटींत रुग्णाच्या विचारांशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या कृतींवर भर होता. सोडून दिलेली कामे कोणती, त्यांतील लहानात लहान कोणते, ते कोणत्या दिवशी करायचे, हे ठरवायचे आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब घ्यायचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ४९५ रुग्णांवर केलेली ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची, थोडी सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आधी आत्मविश्वास आणि मग काम, हा रूढ क्रम येथे उलटा झालेला दिसतो. उत्साह वाटण्याची वाट न पाहता म्हशीला पाणी पाजण्यापासून सुरुवात करायची. उत्साह आला तर मागून येतो.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी माहिती देणे, पहिला धीर देणे आणि गरजूंना पुढे पाठवणे, अशी त्याची रचना होती. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या मूल्यमापनानुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे. तरीही दहांपैकी सात जण बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात वाचावे लागते.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ आत्महत्याप्रवण जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात हिंगोलीचा समावेश होता. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन साधे प्रश्न विचारावेत, ताणाखाली असलेल्या व्यक्ती ओळखाव्यात आणि जिल्हा रुग्णालयातील समुपदेशनाशी त्यांची गाठ घालून द्यावी, अशी कल्पना होती. आशा ही गावचीच सून किंवा लेक असते, त्यामुळे ती उंबरठ्याच्या आत जाऊ शकते. त्याच कारणाने तिच्याजवळ बोललेले गावभर होईल अशी भीतीही पुरुषांना वाटते.

आत्मविश्वास वाढवणे हा ज्यांचा घोषित हेतू नाही अशा काही व्यवस्थांनी या बाबतीत अधिक काम केले असण्याची शक्यता आहे. २०११ पासून ‘उमेद’ या नावाने चालणाऱ्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील महिला बचत गट हे त्याचे उदाहरण. दर आठवड्याला ठरलेली रक्कम जमा करणे, हिशेबाच्या वहीवर सही करणे, बँकेत जाऊन व्यवस्थापकाशी बोलणे, घेतलेले कर्ज वेळेवर फेडणे ही सर्व कामे बँडुरा यांच्या पहिल्या दोन स्रोतांत बसतात: स्वतः करून पाहणे आणि शेजारणीला करताना पाहणे. पत या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे पुन्हा एकत्र येतात, या वेळी बाईच्या बाजूने. शेतकरी पुरुषांसाठी अशी दर आठवड्याला एकत्र बसण्याची आणि अडचण बोलण्याची जागा मात्र खेड्यात क्वचितच आढळते; पारावर राजकारण बोलता येते, पण हप्ता थकल्याचे सांगता येत नाही.

सेवांची उपलब्धता

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि बहुतेक आजारांत १०० पैकी ७० हून अधिक रुग्ण उपचाराविना होते. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने शासकीय यंत्रणेकडून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन द्यावे, अशी तरतूद त्याच्या कलम ११५ मध्ये आहे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.